जुना कमिट थेट फोल्डरसारखा: नाइनफ्रंटचं गिट/एफएस

कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणारं गिट वापरायला लागून बरीच वर्षं झाली, तरी जुन्या कमिटमधली (म्हणजे नोंदवून ठेवलेल्या आवृत्तीतली) एखादी फाइल नुसती बघायची तर कमांडमध्ये कोलन कुठे टाकायचा हे मला अजून शोधावं लागतं. त्यामुळे प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टमच्या वारसदार नाइनफ्रंटवर गिट/एफएस पहिल्यांदा लावलं, त्या संध्याकाळी काम बाजूला ठेवून मी नुसती भटकत बसले.

हे अख्खी रेपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास, फाइल सिस्टम म्हणून माउंट करतं, म्हणजे साध्या फोल्डरांसारखी उघडून देतं. कमिट म्हणजे एक डिरेक्टरी. आत ऑथर, मेसेज, हॅश (कमिटची ओळखखूण), पॅरेंट (आधीचा कमिट) या साध्या मजकुराच्या फाइली आणि ‘ट्री’मध्ये तेव्हाचा सगळा कोड. पॅरेंट वाचायचा, तो हॅश घेऊन ‘ऑब्जेक्ट’मध्ये शिरायचं, की एक पाऊल मागे. आमच्या पार्सरमधलं एक फंक्शन कधी उडालं ते मी चार ओळींच्या लूपमध्ये ग्रेप हे मजकूर शोधणारं साधन फिरवून काढलं. दोन शाखा जोडणाऱ्या मर्ज कमिटपाशी दोन पॅरेंट निघाले आणि लूप तोंडावर आपटला, पण तो दोष माझा. इथे लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. बरंच आहे, नाहीतर प्रत्येक सेव्हला कमिट समजायचं का, इथून भांडण सुरू झालं असतं.

कल्पना नवी नाही. क्लिअरकेस या आवृत्त्या सांभाळणाऱ्या जुन्या साधनात फाइलच्या नावापुढे @@ जोडून जुनी आवृत्ती उघडता यायची. अशा रचनेत काय काय बिघडू शकतं, ते मी लिनक्सवर फ्यूजवाल्या (साध्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टम पुरवू देणारी सोय वापरणाऱ्या) एका साधनात भोगलंय. गिटच्या ट्रीमध्ये नाव, मोड आणि हॅश असतो, फाइल बदलल्याची वेळ नसते. फाइल सिस्टमला मात्र काहीतरी वेळ सांगावीच लागते. त्या साधनाने सरसकट 1 जानेवारी 1970 ठोकून दिली. फाइलींच्या वेळा बघून काय नव्याने बिल्ड करायचं ते ठरवणाऱ्या मेकला सगळा सोर्स पुरातन वाटला, त्याने काहीच बिल्ड केलं नाही, आणि मी अर्धा तास शिळी बायनरी तपासत होते. कमिटची तारीख लावली असती तर निदान खोटं तरी बोललं नसतं. वर डेस्कटॉपचा सर्च इंडेक्सर माउंटमध्ये घुसला आणि प्रत्येक कमिटचं अख्खं झाड उलगडत सुटला. लॅपटॉपचा पंखा काही थांबेना.

नाइनफ्रंटवर ही दुसरी भानगड होत नाही, कारण नेमस्पेस, म्हणजे कुठल्या फाइली कुठे दिसतात याची मांडणी, प्रोसेसगणिक वेगळी ठेवता येते. एका खिडकीत माउंट केलेलं शेजारच्या खिडकीला दिसतही नाही. गिट/एफएसचं निम्मं श्रेय मी या सोयीलाच देईन.

फक्त एवढ्यासाठी ऑपरेटिंग सिस्टम बदला असं कुणाला सांगणार? मीसुद्धा व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवते. रोजचे कमिट लिनक्सवर करते आणि उत्खनन करायचं असलं की तिकडे जाते.