विजेला बुजलेला घोडा: छापील प्रतीचा अनुभव

फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिकोने १८१३-१४ च्या सुमारास रंगवलेल्या आणि आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या, विजेला बुजलेल्या घोड्याच्या तैलचित्राची छापील प्रत मी मागवली होती. मूळ चित्रातला घोडा उधळत नाही. तो जागीच ताठरून उभा आहे आणि त्याची भीती दिसते ती ताणलेल्या स्नायूंत व तुकतुकीत कातडीवर पडलेल्या प्रकाशात. छपाईत नेमकी हीच चमक हरवली असून काळवंडलेले आकाश आणि तपकिरी पाठ एकमेकांत मिसळली आहेत. कागद मात्र जाड आणि चकाकी नसलेला आहे. मूळ चित्रच जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद, त्यामुळे त्याहून मोठी प्रत घेऊ नये.