‘मोफत कॉम्प्युटर नेत्रतपासणी’ कितपत पुरते?

पुण्यात लक्ष्मी रोडपासून कोथरूडपर्यंत चष्म्याच्या दुकानांवर ही पाटी हमखास दिसते. हनुवटी टेकवायची, आतलं फुग्याचं चित्र बघायचं, की यंत्रातून नंबरची चिठ्ठी निघते. पण तो आकडा फक्त अंदाज. त्यानंतर ट्रायल फ्रेम चढवून, पाव-पाव नंबरने काचा बदलत, एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घेत असतील तर सेवा चांगली. नुसत्या चिठ्ठीवर काचा ऑर्डर करत असतील तर सरळ बाहेर पडावं. तक्ता 6 मीटरवर हवा. पेठेतल्या चिंचोळ्या दुकानात 3 मीटरवर आरसा लावतात, ते चालतं. सिलिंडरचा, म्हणजे एका ठरावीक दिशेतला दोष भरून काढणारा नंबर असेल तर त्याचा अक्ष (ती दिशा किती अंशांवर आहे ते) नीट बघून घ्या. तो 10 अंश सरकला तरी सिलिंडरचा साधारण तिसरा हिस्सा वाया जातो आणि डोकं दुखत राहतं.

मधुमेह नसलेल्या, नंबर स्थिर असलेल्या तरुण माणसाला चष्मा बदलायला एवढं पुरे.

लहान मुलांसाठी मात्र ही पाटी विसराच. यंत्रात बघताना मूल नकळत डोळ्यांवर ताण देतं; मायनस नंबर वाढून येतो, प्लस लपतो. त्यासाठी डॉक्टरकडे ड्रॉप घालून डोळा सैल करतात आणि बाहुलीवर उजेडाची पट्टी फिरवून नंबर काढतात. या ड्रॉपपैकी सायक्लोपेंटोलेटचा असर बहुधा दिवसभरात उतरतो, अ‍ॅट्रोपिनचा आठवडा-दोन आठवडे राहू शकतो, म्हणून परीक्षेच्या तोंडावर तारीख घेऊ नका. पहिली तपासणी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, शाळेने तक्रार करायची वाट न बघता. एक डोळा आळशी, म्हणजे कमी दिसणारा असला तरी दुसऱ्यावर सगळं निभतं, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायचा उपचार अवघड होत जातो. चष्मा लागला की दरवर्षी तपासणी.

चाळिशीनंतर गोम वेगळीच. दुकानात वाचायचा नंबर मिळतो, पेपर स्वच्छ दिसतो आणि डॉक्टरकडे जाणं राहून जातं. काचबिंदू दुखत नाही. कडेची नजर हळूहळू खातो आणि गेलेली परत येत नाही. डोळ्यावर हवेचा झोत मारून आतलं प्रेशर मोजतात, ते साधारण 10 ते 21 mmHg (पाऱ्याचे मिलिमीटर) असावं. पण प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो, तेव्हा डोळ्यामागची नस बघायलाच हवी. मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. त्या दिवशी टू-व्हीलर घरी ठेवा. काही तास उजेड झोंबतो, जवळचं पुसट दिसतं.

डॉक्टरची चिठ्ठी घेऊन चष्मा करायला दुकान उत्तमच. मुलांना सहजी न फुटणारी पॉलीकार्बोनेट काच घ्या, दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या आणि तयार चष्मा लेन्सोमीटरवर लावून नंबर दाखवायला सांगा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.