ब्यूटी कोर्सची फी म्हणून कर्ज गळ्यात मारलं, मुलींच्या आईवडिलांनी वाचा

मुलीला बारावीनंतर कॉस्मेटोलॉजी करायची होती. गोव्यात त्याला काम आहे, हॉटेलं, स्पा, लग्नांचा सीझन आणि जमलं तर बोटीवरची नोकरी. त्या बोटीच्याच नावाने एका प्रायव्हेट क्लासने आम्हाला लुटलं. सहा महिन्यांत इंटरनॅशनल डिप्लोमा, क्रूझवर शंभर टक्के प्लेसमेंट, भिंतीवर सिडेस्को या परदेशी ब्यूटी संस्थेचं मोठं नाव. डिचोलीहून कदंबा बस पकडून मी उगाच नाही गेले, आधी चौकशी केली, त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थिनींशी फोनवर बोलले. त्या त्यांच्याच पगारावरच्या निघाल्या, ते मला कुठून कळणार?

फी १,६५,०००. त्यातले २५,००० तिथेच जीपे केले, सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे दीड हजार साठवलेले ते. बाकीचे १,४०,००० म्हणे बिनव्याजी हप्त्याने, महिना ७,०००.

आणि मग काउन्सेलर पोरगी म्हणाली, "काकी, सीट ब्लॉक करायला एक ओटीपी येईल, तेवढा सांगा." आला तो आधारचा ओटीपी. सीटला आधारचा ओटीपी कशाला, हे तेव्हाच विचारायचं होतं असं आता घरातले सगळे मला ऐकवतात, पण मागे आणखी पालक ताटकळलेले, आज शेवटची तारीख म्हणून घाई, फोन तिच्याच हातात, आणि ती इतक्या प्रेमाने बोलतेय की कोणीही सांगितलाच असता. तो ओटीपी म्हणजे कर्जाच्या करारावर माझी सही! फायनान्स कंपनीने सगळे पैसे एकदम त्यांना दिले आणि हप्ते माझ्या खात्यातून. पावती नीट बघा हो, आमच्या पावतीवर बोर्डावरचं नाव नाहीच, भलतंच कुठलं तरी एंटरप्रायझेस, जीएसटी नंबर पण नाही.

मग किटचे १८,५००. फाउंडेशनच्या बाटलीवर तारखेचं स्टिकर होतं, मुलीने नखाने खरवडलं तर खाली गेल्या वर्षीची एक्सपायरी. क्लास एक दिवसाआड दोन तास, तो पण डमीवर. मग परीक्षा फी २२,०००. ती भरल्यावर मुलीने सिडेस्कोच्या वेबसाइटवर शाळांची यादी काढली, यांचं नावच नाही. ती १९४६ सालची झुरिकची संस्था, तिच्या ब्यूटी थेरपी डिप्लोमाला १,२०० तासांचं ट्रेनिंग लागतं, सहा महिन्यांत आमचे २०० पण भरले नसते. जाब विचारला, पुढच्या महिन्यात शटर बंद.

हप्त्यांचे आतापर्यंत ४२,००० गेले, म्हणजे फी, किट, परीक्षा सगळं धरून एकूण १,०७,५००, आणि ९८,००० अजून डोक्यावर.

पोलिसांत गेले तर साहेब म्हणतात, ओटीपी तुम्हीच दिलात ना, हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. सायबरवाले म्हणतात समोरासमोरचा व्यवहार, पोलिसांत जा. सरकारी खात्यात सांगितलं, त्या संस्थेची आमच्याकडे नोंद नाही त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. अहो, नोंद नाही हीच तर माझी तक्रार आहे! नोंद नसलेला माणूस भर बाजारात बोर्ड लावून मुलींकडून लाखांनी पैसे घेतो, रोज तिथून तुमच्या जीपा जातात, आणि विचारायला गेलेल्या बाईला तासन् तास बाकावर बसवून "उद्या या"? फायनान्स कंपनी तर म्हणते क्लास बंद पडला तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न, आणि वसुलीचे फोन माझ्या बहिणीला करते.

आयटीआयला कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो, दहावी पासवर, एनसीव्हीटीचं म्हणजे सरकारी सर्टिफिकेट मिळतं, आधी तिथे विचारा. प्रायव्हेट घ्यायचाच तर सर्टिफिकेट कोण देणार ते त्या संस्थेच्याच साइटवर बघा, भिंतीवर नाही. बोटीवर लावतो म्हणणाऱ्याकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचं लायसन्स मागा. आपला फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. कर्जाच्या कंपनीला आधी लेखी तक्रार, तीस दिवसांत सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ते फुकट आहे.

मी पर्वरीच्या ग्राहक आयोगात जातेय, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील पण लागत नाही. त्याच ठिकाणी ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी पावत्या आणि हप्ते कापल्याचे मेसेज डिलीट करू नका, मला कळवा, एकत्र तक्रार टाकू.