काचेतला केस: गाडीला फिल्म लावून आठ महिने झाले

गेल्या रविवारी फिल्म लावून देणाऱ्या दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर हे सगळं सविस्तर आजवर फक्त बायकोने आणि पार्किंगमधल्या शेजाऱ्याने ऐकून घेतलंय.

गाडी सात वर्षं जुनी हॅचबॅक, मुक्काम अकोला. इथला उन्हाळा कसा असतो ते वेगळं सांगत नाही. दिवाळीनंतर दुकानं रिकामी असतात म्हणून तेव्हा गेलो आणि बाजूच्या चार काचा व मागची एक अशा पाच काचांना ऊन अडवणारी सिरॅमिक फिल्म लावली. घासाघीस करून 9,500 रुपये. पुढची काच मुद्दामच सोडली. तिच्यातून नियमाने 70 टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, आणि ती लॅमिनेटेड असल्याने यूव्ही (अतिनील किरणं) तशीही बरीचशी अडवते. धातूवाली फिल्म स्वस्त पडत होती, पण तिने जीपीएसचा सिग्नल दबतो म्हणून नको म्हटलं. त्याहून स्वस्त ती रंगवलेली, जी दोन उन्हाळ्यांत जांभळी पडते. ती तर शेजाऱ्याच्याच गाडीला आहे.

आता तो केस. ड्रायव्हरच्या काचेत, उजव्या आरशाकडे बघताना नजर जिथून जाते नेमकी तिथे, फिल्मखाली एक केस अडकलाय. दीड सेंटिमीटरचा, स्वल्पविरामासारखा वाकलेला. फिल्म लावणाऱ्या पोराचा हात चांगला होता. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि बेबी शाम्पूचे दोन थेंब. आधी बाहेरच्या बाजूने फिल्म ठेवून हीट गनने काचेच्या गोलाईवर बसवली, मग आतून चिकटवून रबरी पट्टीने पाणी काढलं. पण शटर सताड उघडं, समोर धुळीचा रस्ता आणि डोक्यावर पंखा गरगरत होता. केस बहुधा त्याच्याच दाढीचा.

संध्याकाळी दाखवला तर मालक म्हणाला, "सर, ते पाणी आहे, महिन्याभरात उडून जाईल." पाण्याचे बुडबुडे आणि धुरकटपणा जातो, ते खरं आहे, माझ्याही तीन आठवड्यांत गेले. केस कुठे जाणार? महिन्याने परत गेलो तेव्हा उत्तर बदललेलं. आता म्हणे वॉरंटी रंग उडणं, फुगे येणं, सोलवटणं एवढ्याचीच, कचऱ्याची नाही. कार्ड घरी आणून वाचलं. खरंच नाही. म्हणजे एका काचेचे 1,900 रुपये, केसासकट.

त्या चिडीत मी पहिल्या दोन महिन्यांत जो भेटेल त्याला सांगत होतो, पैसे वाया गेले. आणि दुकानातला तो दिवा! फिल्मच्या मागे इन्फ्रारेडचा (डोळ्याला न दिसणाऱ्या उष्ण किरणांचा) दिवा लावतात, आपल्याला हात धरायला सांगतात आणि म्हणतात, "90 टक्के उष्णता कट." ते 90 टक्के फक्त इन्फ्रारेडचे. उन्हाची जवळपास निम्मी ताकद दिसणाऱ्या प्रकाशात असते, आणि तो तर आपण मुद्दाम आत घेतोय. विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण किती सौर ऊर्जा अडली तो. माझ्या फिल्मच्या पत्रकावर तो 44 आहे. मालक त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही, मी घरी येऊन वाचलं.

मग एप्रिल आला आणि माझी भाषा बदलली. दुपारी मूर्तिजापूरकडे जाताना मागे बसलेली आई दरवर्षी काचेवर पदर धरायची. या वर्षी नाही धरला. एसी चारवर असायचा, तो आता दोनवर पुरतो. गाडी उन्हात उभी ठेवली तर आत शिरताना भट्टी ती भट्टीच, त्यात फार फरक नाही. पण चालत्या गाडीत दंडावर पडणारं ऊन चावत नाही. हे 1,900 रुपयांचं काम आहे, मान्य.

कायद्याचं थोडक्यात. 27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने फिल्म लावण्यावर सरसकट बंदी घातली होती. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला काचांबद्दलचा नियम 100 बदलला, बदल 1 एप्रिल 2021 पासून लागू झाला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणारी फिल्म चालते असं म्हटलं. तरी रस्त्यावर अडवणाऱ्याला हे सगळं पाठ असेलच असं नाही. मर्यादा म्हणजे पुढे-मागे किमान 70 टक्के प्रकाश आत यायला हवा, बाजूला 50, आणि हे काच आणि फिल्म मिळून. इथेच लोक फसतात. बाजूची काच मुळात 75 टक्के सोडत असेल तर 70 ची फिल्म लावून 52 उरतात. 50 ची लावलीत तर 37, म्हणजे चलान. मागच्या काचेला म्हणूनच जवळजवळ पारदर्शक 90 ची घेतली. मला एका नाक्यावर थांबवलं होतं. हवालदारसाहेबांनी वाकून आत पाहिलं, मागे आई जपमाळ घेऊन बसलेली. "आजी दिसतायत, जा," म्हणाले. मीटर वगैरे काही नाही.

निगा सोपी आहे, आळस नडतो. पहिले चार दिवस काच खाली घ्यायची नाही. मी पेट्रोल पंपावर दार उघडून पैसे देत होतो, पंपावरचा पोरगा हसला. अमोनियावाला काच-क्लीनर वापरायचा नाही, त्याने फिल्म धुरकट होते. साधं पाणी, मऊ मायक्रोफायबर, बस्स. उन्हासाठीची सक्शनवाली जाळी चिकटवू नका, ओढताना कडा उचलते. आणि काचेखालच्या रबरात धूळ साचते ती ब्रशने काढत जा. मी काढली नाही, म्हणून डाव्या काचेवर दोन उभे ओरखडे आलेत. त्यात दुकानाचा दोष नाही, हे लिहिताना जिवावर येतंय. पावसात रात्री हायवेवर आरसे थोडे मंद दिसतात, तेही खरं.

तर रविवारचा फोन. "सर, ती काच आणा, फुकटात बदलून देतो." बहुधा मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांपैकी कुणीतरी दुकानात जाऊन विचारलं असावं. मी विचारलं, पंखा बंद ठेवाल का? "ठेवतो ना सर." शटर? शटर बंद केलं तर पोरं उकडून मरतील, म्हणाला. शिवाय पुन्हा चार दिवस काच वर, ऐन पावसाळ्यात. म्हटलं दिवाळीनंतर बघू.