घरचा सोडा: यंत्र, बाटली की केग? सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी एक तुलना

घरी बनवलेली बिअर केगमधून, म्हणजे नळ जोडलेल्या पोलादी पिंपातून, वाढण्याची पद्धत परदेशांत रुळलेली आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे पुढील विवेचन आल्याचा सोडा, लिंबू सोडा, कोकम सोडा अशा मद्यविरहित पेयांपुरतेच आहे. साधन मात्र तेच राहते. किंबहुना १९ लिटरचे हे पिंप मुळात शीतपेयांच्या धंद्यासाठीच तयार झाले आणि घरगुती बिअरवाल्यांनी ते नंतर आपलेसे केले.

निवड तीन पर्यायांतून करायची आहे. पहिला पर्याय ओट्यावर मावणाऱ्या सोडा यंत्राचा. दुसरा म्हणजे शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीला खास झाकण बसवून तिच्यात मोठ्या सिलिंडरमधून थेट वायू भरणे. तिसरा केगचा, म्हणजे तसाच सिलिंडर पिंपाला जोडून आतले पेय वायुयुक्त करण्याचा. सुरुवातीचा खर्चही याच क्रमाने वाढत जातो, आणि बहुतेक जण तेवढ्यावरच निर्णय घेतात. माझ्या मते सोलापुरात निर्णायक प्रश्न वेगळा आहे: पेय बारा महिने चार-पाच अंशांवर ठेवता येईल एवढी जागा तुमच्या फ्रीजमध्ये आहे का?

याचे कारण कार्बन डायऑक्साइडच्या स्वभावात आहे. साध्या वातावरणीय दाबाखाली पाणी शून्य अंशाला आपल्या आकारमानाच्या सुमारे १.७ पट वायू सामावून घेते, २० अंशांना ०.९ पट आणि ४० अंशांना जेमतेम निम्म्याएवढा. जिभेला झोंबणाऱ्या सोड्यात हे प्रमाण साडेतीन ते चार पट असावे लागते. चार अंशांवर थंड केलेल्या पिंपात त्यासाठी २५ ते ३० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) दाब पुरतो. तेच पिंप मे महिन्यात खोलीच्या तापमानाला ठेवले, तर ८० पीएसआयच्याही वर जावे लागेल आणि नळ उघडताच पेल्यात पेयाऐवजी फेसच पडेल. म्हणून फ्रीजबाहेर ठेवलेला केग आणि नळाशी बर्फ, ही तडजोड मी कोणालाही सुचवणार नाही. पिंपाची उंची सुमारे दोन फूट आणि व्यास नऊ इंच असतो. कप्पे काढलेल्या जुन्या फ्रीजमध्ये ते मावते, पण रोजच्या भाजी-दुधाच्या फ्रीजमध्ये त्याला जागा मिळणे कठीण. वीज तास-दोन तास गेली तर मात्र केगचे फारसे बिघडत नाही, कारण एकत्र असलेले १९ लिटर थंड पेय दार बंद असेपर्यंत सावकाशच तापते.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम सिलिंडरवर होतो आणि तो अधिक गंभीर आहे. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो व २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५७ बार, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे ५७ पट असतो. ३१ अंशांच्या वर तो द्रवरूपात राहूच शकत नाही आणि त्यानंतर सिलिंडर जितका जास्त भरलेला, तितका दाब वेगाने चढतो. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर किंवा उन्हात उभ्या मोटारीत सिलिंडर ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे, आणि ‘थोडा जास्त भरून द्या’ असा आग्रह दुकानदाराकडे कधीही धरू नये. गळतीचाही विचार करावा: दोन किलो वायू दहा बाय दहाच्या बंद खोलीत पूर्ण सुटला, तर हवेतील त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जाते आणि ते जिवावर बेतू शकते. हवा खेळती असलेली जागा ही दुसऱ्या व तिसऱ्या पर्यायाची पूर्वअट आहे. सोडा यंत्राच्या नळकांड्यात वायू जेमतेम चारशे ग्रॅमच्या आसपास असल्याने तिथे ही चिंता पुष्कळ कमी होते, मात्र त्यातून मिळणारा वायू किलोमागे महाग पडतो.

धुण्याच्या बाबतीत केग निःसंशय सरस आहे, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ही लहान गोष्ट नव्हे. १९ लिटर पेयासाठी पाऊण लिटरच्या पंचवीस बाटल्या घासाव्या लागतात. पिंप एकच, आणि त्यातले साबणाचे कोमट पाणी वायूच्या दाबाने नळीतून काढले की नळीही त्याच पाण्यात स्वच्छ होते. साखरेचे पेय संपल्यावर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, कारण चिकट नळीत बुरशी लवकर धरते. आले आणि कोकम यांचा वास रबरी वायसरांत मुरतो, तेव्हा वायसरांचा एक जोड हाताशी ठेवावा. पेय गाळूनच भरावे, अन्यथा चोथा नळीच्या तोंडाशी अडकतो. आंबट, वायुयुक्त पेयात तांबे विरघळते, म्हणून पेयाला लागणारे सर्व जोड स्टेनलेस स्टीलचेच हवेत. पितळी नळ कितीही देखणा असला तरी नको.

केगमध्ये पिंपापासून नळापर्यंतच्या नळीच्या लांबीचे गणितही सांभाळावे लागते, नाहीतर दाबामुळे पेय फेसाळत बाहेर येते. बिअरसाठी बारा पीएसआयला पाच मिलिमीटरहून किंचित कमी आतील व्यासाची तीन मीटर नळी साधारण पुरते. सोड्याचा दाब दुपटीहून अधिक असल्याने सात-आठ मीटर नळी किंवा प्रवाह कमी-जास्त करता येणारा नळ लागतो. सोडा यंत्रात अशी कोणतीच कटकट नसते, पण बहुतेक यंत्रांत केवळ साधे थंड पाणीच फसफसवता येते व सरबत नंतर मिसळावे लागते. लिंबू सोड्याला ते चालते. आल्याचा तयार अर्क संपूर्ण वायुयुक्त हवा असेल तर झाकणाची बाटली किंवा केगच लागतो.

तिघा-चौघांच्या घरात सोडा अधूनमधून लागत असेल, तर यंत्र घ्यावे. वेगवेगळी पेये लिटर-दोन लिटर करून पाहण्याची हौस असेल, तर झाकण आणि दोन किलोचा सिलिंडर हा मला सर्वांत शहाणपणाचा पर्याय वाटतो, कारण पुढे केग घेतला तरी तोच सिलिंडर आणि त्यावरचा रेग्युलेटर (दाब कमी करून नियंत्रित ठेवणारे साधन) उपयोगी पडतो. मोठे कुटुंब, गड्ड्याच्या यात्रेला किंवा उन्हाळी सुट्टीत भरणारे घर आणि स्वतंत्र फ्रीज, या तिन्ही गोष्टी असतील तरच केग. त्यातही घरचा खप आठवड्याला पाच-सहा लिटरच असेल, तर साडेनऊ लिटरचे लहान पिंप घ्यावे; परिरक्षक न घातलेले फळांचे पेय फार दिवस ठेवण्यासारखे नसते.

सिलिंडर घेताना त्याच्या मानेवर कोरलेली दाब-चाचणीची तारीख वाचावी. ही चाचणी दर पाच वर्षांनी व्हावी लागते. वायू खाद्यपेयांच्या प्रतीचा आहे याची लेखी खात्री घ्यावी, कारण वेल्डिंगसाठी भरून मिळणाऱ्या वायूला तशी हमी नसते.