राजपत्रात नाव बदलून देतो म्हणून 11,000 रुपयांना बुडवलं, सोलापूरकरांनो जपून

मुलीच्या जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरं. दहावीचा फॉर्म भरायच्या आत एकच करून आणा, असं शाळेने सांगितलं. म्हणून राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, नावबदल छापून घ्यायचा होता. कोर्टाच्या आसपास टेबल टाकून बसणारे एजंट सगळ्यांना माहीत आहेत. त्यातल्याच एकाने गंडवलं.

आकडे मुद्दाम लिहितो. प्रतिज्ञापत्राचे 1,500. ‘राजपत्र फी’ 3,500. ‘अर्जंट’चे 4,000. शेवटी ‘मुंबईच्या साहेबांचे’ 2,000. वर भीती घातली की आता आईचं नाव सक्तीचं झालंय, तेही यातच बसवू, नाहीतर फॉर्म परत येईल. तो नियम 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी आहे हो! माझी मुलगी दहावीला आहे.

3,500 भरताना क्यूआर स्कॅन केला तर मोबाईलवर नाव आलं कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. अंगठा तिथेच थांबला होता. विचारलं, तर म्हणतो, “दादा, सरकारी साईट डाऊन आहे. मी माझ्या लॉगिनवरून भरतो, तुम्ही इकडं टाका.” तेव्हाच उठून यायला पाहिजे होतं, हे आता रात्र रात्र डोक्यात फिरतं. पण टेबलावर शिक्के, काळे कोटवाले येता-जाता त्याला नावाने हाक मारतायत, आणि मी टॉवेल कारखान्यातली हजेरी बुडवून आलेला. माझ्या जागी कुणीही भरले असते. एक लक्षात ठेवा, आपल्या नावाने ‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या साईटवर अर्ज होत असेल तर ओटीपी आपल्या मोबाईलवर आला पाहिजे. मला एकही आला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. ‘महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन’, जुने नाव, नवीन नाव, सगळं जागच्या जागी. शाळेतल्या क्लार्क मॅडमनी बोट ठेवलं. भाग दोनच्या अंकावर ‘गुरुवार ते बुधवार’ असं छापलेलं असतं, यावर नुसतं ‘सोमवार’. मुलीच्या नावाची अक्षरं शेजारच्या नावांपेक्षा जाड. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं की बनावट कागद जणू मीच केलाय. मुलगी शेजारी उभी होती.

पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, आणि ही आमची हद्द नाही. सायबरला गेलो, तर माणूस समोरासमोर भेटला म्हणजे सायबर कसं? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. कलेक्टर कचेरीत तर मान वर न करता, “राजपत्र मुंबईचा विषय.” मग सोलापूरच्या माणसाने जायचं कुठे? 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम 173 प्रमाणे, हद्द कुठलीही असो, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची तक्रार घ्यावीच लागते. हे ठाण्यात मी सांगितलं, तर “वकील आहात का?” असं उलट मलाच विचारलं! 11,000 त्यांना किरकोळ वाटतात. माझा तो जवळजवळ महिन्याचा पगार आहे.

राजपत्राचा अंक शासकीय मुद्रण संचालनालयाच्या वेबसाईटवर फुकट मिळतो. तिथून स्वतः उतरवा, एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा राजपत्र पडताळल्याशिवाय आधार केंद्रात जाऊ नका. मूळ जन्मदाखला कुणाच्या हातात ठेवू नका. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहून सही करा. मुलीच्या आधारची कोरी झेरॉक्स अजून त्याच्याकडेच आहे.

टेबल आता तिथे नाही. त्याच क्यूआरवर कुणी पैसे भरले असतील तर स्क्रीनशॉट घेऊन या, पोलीस आयुक्तालयात एकत्र जाऊ. एकट्याचा अर्ज बाजूला ठेवतात.