हूफ टेस्टर (खूर तपासायचा चिमटा) – ५ पैकी ४ स्टार

माथेरानला पर्यटकांसाठी माझ्या दोन घोड्या आहेत. त्यातली मैना पाच महिने पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती आणि लंगडणं पण असं की धड कळेना, आठ-दहा दिवस लंगडणार, मग आपोआप बरी, महिन्याभराने परत तेच. सूज नाही, जखम नाही, हात लावला तर गरमही नाही. कोणी म्हणालं खांदा लचकलाय तेल चोळा, कोणी म्हणालं पेव्हर ब्लॉकवर घसरली असेल. डॉक्टरांना तरी काय बोलणार, दस्तुरीच्या पुढे गाडी येत नाही, ते वेळ काढून चालत वर येईपर्यंत ही मस्त चालत असायची. एकदा लंगडताना सापडली तर दुखण्याचं इंजेक्शन दिलं, त्याचा असर होता तोवर ठीक आणि मग जैसे थे.

शेवटी मार्चमध्ये ऑनलाइन हा चिमटा मागवला, साडेतीन हजार गेले, पार्सल नेरळला जाऊन घेतलं. दिसायला लोहाराच्या सांडशीसारखाच. एक टोक खुराच्या बाहेरच्या भिंतीला, दुसरं तळव्याला लावायचं आणि टाचेपासून गोल फिरत थोडं थोडं दाबत जायचं. मैना सगळीकडे गप्प उभी, आणि आतल्या बाजूच्या शेवटच्या खिळ्यापाशी दाबलं तर पाय असा झटकला की चिमटा माझ्या गुडघ्यावर. परत दाबलं, परत तेच. डाव्या पायाला त्याच जागी काहीच नाही.

तो खिळा काढला. पू नाही, रक्त नाही, म्हणजे खिळा जिव्हाळीत घुसला नव्हता, नुसता दाबत होता. आतल्या बाजूला खुराची भिंत पातळ असते, तिथे मागे खिळा मारला की असं होतं. मग डोक्यात आलं म्हणून नालबंदाला गूगल पे केलेल्या तारखा काढल्या, दर वेळी नाल बदलल्यावर तीन-चार दिवसांनीच लंगडणं सुरू!! पाच महिने फोनमध्येच होतं सगळं आणि मी तेल चोळतोय. नालबंद आधी चिडला, मग स्वतः चिमटा लावून बघितला आणि गप्प झाला. आता तो खिळा मारतच नाही, नंतर तीन वेळा नाल बदलून झाली, मैना एकदाही लंगडली नाही.

एक स्टार कापला कारण सोबत माहितीचा साधा कागद नाही. पहिल्यांदा जोरात दाबाल तर चांगला घोडाही पाय ओढेल, म्हणून दोन्ही पाय तपासा. एप्रिल-मे मध्ये खूर दगडासारखा होतो तेव्हा आधी ओल्या गोणपाटावर थोडा वेळ उभा करा, नाहीतर दाबलेलं त्याला कळतच नाही. आणि दुखणं खुराच्या वर असेल तर चिमटा काही सांगणार नाही, त्याला डॉक्टरच पाहिजे, ते पाय खालून वर टप्प्याटप्प्याने बधिर करून जागा शोधतात. खिळा काढल्यावर पू किंवा रक्त आलं तर लगेच फोन करा, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

बाकी मजबूत आहे, फक्त मधल्या बोल्टला तेल लावत राहा, माझ्या चिमट्याला पहिल्याच पावसात गंज चढला.